सरनोबतांच्या बागेतली बाई

पेणचे मूर्तिकार आत्माराम म्हात्रे हाताचे कसबी आणि जिभेचे तिखट. एकदा बिल्डर सरनोबत त्यांच्याकडे इटलीतला फोटो घेऊन आले. पाचशे वर्षांपूर्वीच्या संगमरवरी शिल्पात एक आई मांडीवर मूल घेऊन बसली होती. सरनोबतांना बंगल्याच्या बागेत त्याची सिमेंटची हुबेहूब नक्कल हवी होती.

मूर्ती बसवायच्या दिवशी पाहुणे जमले. वरचं कापड काढलं आणि सरनोबतांचा पारा चढला.

"ही कुठली इटलीची? ही तर पेणच्या बाजारातली बाई. घेऊन जा परत."

"साहेब, त्या इटलीवाल्यानं तरी काय केलं असेल?" आत्माराम म्हणाले. "आपल्याच आळीतली बाई बघून चेहरा घडवला असेल. मीही तेच केलं. याहून हुबेहूब नक्कल कशी करायची?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सरनोबत ओशाळून म्हणाले, "मग राहू दे इथेच."

आत्माराम फाटकापाशी थबकले. तो चेहरा त्यांच्या गेलेल्या बायकोचा होता. ती असताना गणपतींच्या घाईत तिला कधी समोर बसवलं नव्हतं. आता आठवून आठवून घडवली होती.

जीभ आवरली असती, तर आज ती टेम्पोतून घरी आली असती.