करवंटीतली काडी

"तेल आहे, दाब आहे, हवा आहे. मग पेटत का नाही, मिस्त्री?"

बाबालाल मिस्त्री नुकतेच बॉयलरच्या शेडमध्ये शिरले होते. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि उलट विचारलं, "कितव्यांदा लावाय लागलास?"

"तिसऱ्यांदा."

भरतेशच्या हातात पेटता पलिता होता. तो भट्टीच्या भोकातून आत धरायचा, तेलाचा कॉक उघडायचा, की बर्नर जाळ धरतो. आठ महिने मिस्त्रींच्या हाताखाली त्याने हेच पाहिलं होतं. वर बॉयलरच्या परीक्षेत तो पहिला आला होता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

महिनाअखेर मिस्त्री निवृत्त होऊन घरी बसणार होते. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात बॉयलर पुढे कुणाच्या ताब्यात द्यायचा, हे आज मिस्त्रींना विचारून ठरणार होतं. म्हणून तर भरतेश मॅनेजर कित्तूरकरांना छातीठोकपणे सांगून बसला होता, "मिस्त्रींची वाट बघायला नको. सुट्टीनंतरची पेटवण मी करतो. आठला वाफ घ्या."

आठ केव्हाच वाजून गेले होते.

मिस्त्रींनी पलिता त्याच्या हातून काढून घेतला आणि वाळूच्या बादलीत खुपसला. भट्टीत नुसती हवा सोडली. मग त्याला शेडबाहेर लांब नेलं.

"पहिल्यांदा पेटलं न्हाई, तवा काय केलंस?"

"दाब वाढवला."

"दुसऱ्यांदा?"

"आणखी वाढवला."

"आन् मधी हवा मारून भट्टी मोकळी केलीस?"

भरतेशने वळून शेडकडे पाहिलं.

न जळलेलं तेल भट्टीत साचलं, की पुढच्या वेळी ते जाळ धरत नाही, दारच उडवतं. हे पुस्तकात होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

मिस्त्रींनी तिथल्या पिंपातलं काळं तेल करवंटीभर घेतलं. खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली आणि जळती काडी करवंटीत टाकली.

भरतेश दोन पावलं मागे सरला.

काडी तेलात बुडाली आणि विझली.

"इझली की रं. तेलात पडून इझली."

"विझणारच, मिस्त्री. गार तेल आहे, घट्ट. ते तापवून पातळ करायचं, बर्नरच्या तोंडातून त्याचा बारीक तुषार उडाला पाहिजे. थेंब जितका बारीक, तितकी त्याला चहूबाजूंनी हवा मिळते. नाहीतर नुसती धार..."

तो बोलता बोलता थांबला.

"तेलाच्या हीटरचा काटा कितीवर हाय?"

"साठ."

"लागतंय किती?"

"शंभर."

"बघितला न्हवतास?"

"बघितला होता." भरतेशची मान खाली गेली. "साहेबांना आठ सांगितले होते."

मिस्त्री करवंटी हातात धरून तेलाकडे बघत राहिले.

तेवढ्यात कित्तूरकर तणतणत आले. "काय चाललंय? रंगाच्या टाक्या गार पडल्यात. बर्नर बिघडला का?"

हो म्हणणं सोपं होतं. जुना बर्नर, कुणीही विश्वास ठेवला असता. भरतेशने मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांची नजर अजून करवंटीतच होती.

"बर्नर चांगला आहे, साहेब. चूक माझी. तेल तापायच्या आधीच आत सोडलं, तेही दोनदा. आता भट्टी उघडून पुसून काढायला लागेल. दोन तास तरी जातील."

"आणि आठला वाफ म्हणालास ती?"

"फुशारकी मारली."

कित्तूरकरांनी त्याला खालीवर न्याहाळलं, मग मिस्त्रींकडे पाहिलं, आणि निघून गेले. बॉयलर गेला हातचा, असं भरतेशला वाटलं.

त्याने स्वतः भट्टीत शिरून चिंध्यांनी तेल टिपलं. कोपरापर्यंत हात काळे झाले. पुन्हा हवा मारली. काटा शंभरावर येऊन टेकला.

पलिता तयार करून त्याने तो मिस्त्रींपुढे धरला.

"तुम्हीच लावा. मला अजून येत नाही."

मिस्त्रींनी पलिता घेतला नाही. खिशातली काडेपेटी काढून त्याच्या काळ्या तळहातावर ठेवली, आणि भट्टीच्या दारासमोरून बाजूला झाले.

"लाव. आता धरंल."