निळ्या दिव्याची लुकलुक

वस्तू माणसांशी बोलू लागल्या, त्या काळची ही गोष्ट. एका घरात टेबलावर ठेंगणा स्मार्ट स्पीकर होता आणि कपाटावर थोराड ब्लूटूथ स्पीकर. माणसांचं ऐकून गाणं शोधायचा ठेंगणा, पण ते घुमायचं थोराडाच्या तोंडून.

"गातो मी, आणि हाका मात्र तुला!" एकदा थोराड फणकारला आणि त्याने ठेंगण्याशी असलेली जोडणी तोडली.

"बरं बाबा, तुझी मर्जी," ठेंगणा म्हणाला.

दुपारच्या पेंगुळल्या उजेडात घरातल्या मृदुलाताईंनी बाळाला मांडीवर घेऊन अंगाई मागितली. थोराडाने छाती फुगवली, पण त्याला एकही ओळ आठवेना. ठेंगणा आपल्या बारीक आवाजात गाऊ लागला. बाळाचे डोळे हळूहळू मिटले.

थोराडाची फुगलेली छाती खाली बसली. तेव्हापासून जोडणी तुटून एकटा पडला, की तो निळा दिवा लुकलुकवत बसतो, कुणी गाणं सांगेल का म्हणून.