दीडशे ग्रॅमचा स्टँड

खोटं सांगत असेन तर माझ्या दोन्ही चाकांतली हवा जावो! आमच्या सायकल क्लबचे अध्यक्ष रणदिवेसाहेब हलकेपणाचे इतके भक्त, की वजन नको म्हणून त्यांनी सायकलीची घंटासुद्धा काढली होती. वळण आलं की स्वतःच तोंडानं ट्रिंग ट्रिंग करत. जादा वजन बाळगेल तो राइडमधून बाद, हा त्यांचा नियम.

घाट चढून आम्ही पठारावर पोचलो. तिथे ना झाड, ना भिंत. महागड्या सायकली आडव्या कोण टाकणार? सगळे आपापली सायकल धरून उभे. सुलभा टिपरेनं मात्र पिशवीतून घडीचा स्टँड काढला, सायकल त्यावर टेकवली आणि खुशाल भाकरी खायला बसली.

"टिपरेबाई, जादा वजन!" साहेब गरजले. "इथूनच परत फिरा."

सुलभानं हातातला घास खाली ठेवला. या राइडची ती वर्षभर वाट पाहत होती.

"साहेब, माझा स्टँड दीडशे ग्रॅमचा. तुमचा किती किलोचा?"

"माझ्या सायकलीला स्टँडच नाही!"

"आहे की! चांगला नव्वद किलोचा. मघापासून तिला धरून उभा आहे, आणि उपाशी आहे बिचारा."

पठारभर हशा पिकला. साहेबांनाही हसू आवरेना.

"चला पुढे आमच्याबरोबर," ते म्हणाले, तेव्हा कुठे सुलभाचा जीव भांड्यात पडला. "पण तुमचं खाऊन झालं की तो स्टँड जरा इकडे द्या. नव्वद किलोंना आता बसायचंय."