उभ्याने मापलेली पिशवी

फार फार जुनी गोष्ट, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. एका रानाच्या कडेला एक वस्ती होती आणि त्या वस्तीत एक तिरंदाज राहायचा. नेम असा की उडत्या पाखराचं पीस टिपावं. पण पायाला भिंगरी. जेवायला बसला तरी बूड जमिनीला धड टेकायचं नाही. अर्धी भाकरी ताटात, अर्धी हातात आणि हा आपला अंगणात.

त्या वर्षी एक बिबट्या माणसांना चटावला. पाणवठ्यावर गेलेल्या दोन बायका परत आल्या नाहीत. पाणवठा तेवढा एकच होता. पंचांनी ठरवलं की अमावास्येपर्यंत बिबट्या मेला नाही तर वस्ती उठवायची. तिरंदाजाचे आईबाप त्याच मातीत पुरलेले होते. बिबट्याला मी मारतो, असं तो सगळ्यांसमोर बोलून गेला आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागेना.

पाणवठ्याजवळ करवंदीच्या दाट जाळ्या होत्या. त्यांतून रांगत जायचं म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून धनुष्य पाठीवरच्या पिशवीत ठेवावं लागे. त्याची जुनी पिशवी उंदरांनी कुरतडली होती. तो थोरल्या बहिणीकडे गेला, कारण वस्तीतल्या शिकाऱ्यांच्या पिशव्या तीच शिवायची.

तिने दोन पिशव्या पुढे टाकल्या. एक आखूड, तिरकी लटकणारी, अर्धं धनुष्य उघडं टाकणारी, दिसायला अगदीच बावळी. दुसरी लांब, सरळ, धनुष्य टोकापर्यंत झाकणारी. त्याने लांब पिशवी पाठीला लावली, उड्या मारल्या, समोरच्या चिंचेच्या झाडापर्यंत धावून आला. धनुष्य तसूभर हललं नाही. हीच घेतो म्हणाला.

आता तिथली एक रीत होती. नवी पिशवी पाठीला लावून शिकाऱ्याने अंगणात उकिडवं बसायचं. घराची सावली अंगणातल्या चुलाण्यापर्यंत सरकली की मग पट्ट्यांना शेवटची गाठ मारायची. हा कुठला बसतोय! गुडघे वाकवले न वाकवले तोच उठला.

"आक्का, मार गाठ. बिबट्या काय माझ्या बसण्याची वाट बघत थांबलाय?"

"नाही रे बाबा. तूच बसून त्याची वाट बघणार आहेस."

पण ऐकतो कोण? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बहिणीला त्याचा कासावीस चेहरा बघवेना. चुकतंय हे कळत असूनही तिने उभ्या-उभ्याच गाठ मारून दिली. माया कधी कधी अशी घात करते.

दिवस कलल्यावर तो रांगत जाळीत शिरला आणि पाण्यावर नजर ठेवून उकिडवा बसला. बसताच पिशवीचं बूड जमिनीला टेकलं आणि अख्खी पिशवी वर सरकली. तिचं तोंड गेलं डोक्याच्याही वर. त्याने हात मागे नेला, तो पोचेना. तेवढ्यात बिबट्या पाण्यावर आला, इतका जवळ की त्याच्या मिशा दिसाव्यात. तिरंदाजाने अर्धवट उठून धनुष्याला हिसका दिला. टोक फांद्यांत अडकलं आणि सगळी जाळी खसाखसा वाजली. बिबट्याने मान वर करून एकदा पाहिलं आणि तो गेला.

पुढे बिबट्या सावध झाला. पाणवठ्यावर कुणाला दिसला नाही. वाटेवरचा एक गुराखी मात्र त्याने नेला. तिरंदाज रोज जाळीत जाऊन बसे आणि रोज हात हलवत परत येई. अमावास्या उलटली आणि वस्ती उठली.

वाटेतल्या खिंडीत पोचल्यावर तिरंदाज बहिणीला म्हणाला, "आक्का, माझ्यामुळे घरं गेली."

बहिणीने डोक्यावरचं गाठोडं सावरलं. "तुझ्या एकट्यामुळे नाही. गाठ मी मारली."

मग दोघं चालू लागले. मागे वळून बघायची कुणाची छाती झाली नाही.

तात्पर्य : जे काम बसून करायचं, त्याचं माप उभ्याने घेऊ नये.