हातोडीचा वचक

माणसं मोटारीला लाडाचं नाव ठेवत, त्या काळची गोष्ट. सबनीसांच्या जुन्या गाडीत पेट्रोल चढवणारा एक विजेचा पंप होता. तो अधूनमधून बंद पडे. मग सबनीस डिकीतल्या पेटीतून हातोडी काढून त्याच्या टाळक्यात एक ठोका घालत. पंप टकटक करू लागे आणि गाडी निघे.

हातोडी फुशारून गेली. पान्याला आणि पकडीला ती ऐकवायची, "मी आहे म्हणून ही गाडी चालते!"

"बाई, माझ्या पोटात वीज जोडणाऱ्या पॉइंटांवर काजळी धरलीय," पंप कळवळून म्हणाला. "ठोक्याने ती जरा हलते, जात नाही. कुणीतरी झाकण उघडा हो."

"कामचुकारांची भाषा हीच असते," हातोडी म्हणाली. पुढचा ठोका आणखी जोरात बसला.

पंपाला पोचे पडले. शेवटी एके दिवशी कितीही ठोकलं तरी तो हलेना. सबनीस म्हणाले, "टाकूनच देतो याला."

"अहो, इतकं बडवलंत, एकदा उघडून तरी बघा," त्यांची बायको म्हणाली.

सबनीसांनी अंगणात पंप उघडला, पॉलिशपेपरने पॉइंट लख्ख घासले आणि झाकण लावलं. त्यानंतर पंप कधी अडला नाही.

पुढे पेटीत नवा स्क्रू-ड्रायव्हर आला. गंजलेल्या हातोडीला त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला काही काम नसतं का?"

"वेडा आहेस. मी इथे आहे, म्हणून तर तो पंप थांबायची हिंमत करत नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पॉलिशपेपर काही बोलला असता, पण तो केव्हाच केरात गेला होता.