गुडघ्याएवढ्या उंचीवरची दोरी

"म्हणजे माझं चुकतंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

दौलतगिरी बुवा काहीच म्हणाले नव्हते. ते मठाच्या दाराबाहेर ओट्यावर बसून शेंगा सोलत होते आणि शाल्मली कानविंदे सकाळपासून एकटीच बोलत होती.

"मी कुठं काय म्हणालो?"

"तेच तर. तुम्ही गप्प बसता तेव्हाच मला भीती वाटते."

बुवा हसले. अनुग्रह घ्यायला आली होती तेव्हाही ही पोरगी अशीच होती. उत्तर घरून तयार करून आणायची, आणि वर बुवांनी मान डोलवावी म्हणून हटून बसायची.

आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी गोसाव्यांचा हा लहानसा मठ. शाल्मली पुण्याहून खास आली होती. तिची कंपनी 'गवाक्ष' नावाचा ब्राउझर बनवायची. लाखो लोक त्यातून इंटरनेट बघत, आणि ज्याला जी सोय हवी तिचा एक छोटा प्रोग्राम त्याला जोडून घेत. अ‍ॅड-ऑन म्हणतात त्याला. सोमवारी गवाक्षची नवी आवृत्ती निघायची होती. ती चपळ होती, आटोपशीर होती, आणि जुनी अ‍ॅड-ऑन तिच्यात चालणार नव्हती.

"का चालणार न्हाईत?" बुवांनी विचारलं.

"जुन्यांना थेट ब्राउझरच्या पोटात हात घालता यायचा. एका भामट्यानं त्याच वाटेनं लोकांचे पासवर्ड पळवले. मी ती वाटच बुजवून टाकली."

"बरं केलंस."

"बाकीच्यांनी आपापली अ‍ॅड-ऑन नव्या पद्धतीनं लिहून घेतली. एकच राहिलंय."

"ते काय करतं?"

"ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी आहे. ती माणसं बटण एकदा दाबायला जातात आणि तीनदा दाबलं जातं. हे अ‍ॅड-ऑन पहिलं दाबणं धरतं, पुढची दोन सोडून देतं. पण त्याला पोटातलीच वाट लागते. आणि ज्यानं बनवलं तो गृहस्थ वारला."

बुवांनी पुढची शेंग फोडली.

"आम्ही महिनाभर सगळ्यांना सूचना दाखवली, बुवा. काही अडचण असेल तर कळवा म्हणून. त्या अ‍ॅड-ऑनसाठी एकानंही कळवलं नाही. म्हणजे कुणाला ते नकोय. सरळ हिशेब आहे."

"सरळ हाय तर इथवर कशाला आलीस?"

सोमवारी शाल्मलीनं होकार दिला की आवृत्ती सुटणार होती. नकार दिला तर ती थांबणार होती, आणि मग भामट्याची वाट उघडीच राहणार होती. कंपनीतली सगळी बैठक तिच्या बाजूनं होती, आणि तरी त्या एका अ‍ॅड-ऑनचं नाव समोर आलं की ती घाईनं पुढच्या नावावर जायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तातोबा सुतार आपली पेटी घेऊन आला.

त्या दिवशी मठाचं दार बदलायचं होतं. नवं सागवानी दार भिंतीला टेकून उभंच होतं. जुन्याला वाळवी लागली होती, आणि त्याला एक भोक होतं. गेल्या पावसाळ्यात त्या भोकातून घोणस आत शिरली आणि आतल्या गोठ्यातलं बुवांचं वासरू गेलं. बुवा त्या वासराला हाताने चारा भरवत. महिनाभर त्यांनी गोठ्याकडे बघितलं नव्हतं.

मठाचा एक रिवाज होता. दाराला कुणी आपल्या सोयीचं काही लावलं असेल, तर ते त्यानंच सोडवायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. म्हणून चावडीवर सांगावा गेला होता आणि माणसं येत होती.

पहिल्यांदा हौसाबाई आल्या. बुटक्या बाई, कडीला हात पुरायचा नाही म्हणून त्यांनी तिला लुगड्याची चिंधी बांधली होती. त्यांनी ती सोडली, झटकली आणि तातोबाला दटावलं, "नव्या दाराला कडी खाली घे रे बाबा. का मला शिडी आणायला लावतोस?"

"घेतलीया खाली, काकी. उगा वरडू नगासा."

मग हिंदुराव पैलवान आले. कुस्तीत त्यांचा उजवा हात कायमचा गेला होता. कोपर अडकवून दार ओढता यावं म्हणून त्यांनी कातडी पट्टा ठोकला होता. तो त्यांनी डाव्या हाताने उपसला आणि नव्या दारावर कुठं ठोकायचा ते बोटानं दाखवलं.

दोघंही गेले. मग दारावर एकच वस्तू उरली.

गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्या भोकातून बाहेर आलेली एक दोरी. ती ओढली की आतली कडी उचलली जायची. टोकाला गाठी मारलेल्या होत्या, आणि हात लागून लागून त्या काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या.

"ही कुणाची?" शाल्मलीनं विचारलं.

"कुणास ठाऊक," बुवा म्हणाले. "पहाटे कुणीतरी आत येऊन मठातल्या समाधीवर कण्हेरीची फुलं ठेवून जातं. मी उठतो तवर गेलेलं असतं."

ते वाट बघत बसले. तातोबानं दोनदा तंबाखू मळली. उन्हं ओट्यावरून खाली उतरली. कुणी आलं नाही.

शेवटी शाल्मलीला राहवलं नाही. "बुवा, सांगावा धाडला होता ना? कोणी आलं नाही, म्हणजे कोणाला नकोय. कापा आता."

बोलून झाल्यावर आपलं वाक्य तिला ओळखीचं वाटलं. पण खटकलं नाही, उलट बरंच वाटलं. बुवाही आता तेच करणार होते जे तिनं केलं होतं.

तातोबानं पटाशी उचलली. बुवांनी त्याचा हात धरला आणि ते स्वतः दारापुढं खाली बसले. रिवाज मोडतोय म्हणून दाराला हात जोडले. मग नखांनी एकेक गाठ सोडवू लागले. गाठी जुन्या होत्या, घट्ट बसलेल्या. बुवांची बोटं म्हातारी. तातोबा आणि शाल्मली नुसते उभे राहिले.

दोरी सुटली. बुवांनी ती गुंडाळून मांडीवर ठेवली.

"बसव दार," ते म्हणाले.

"भोक पाडू का न्हाई?"

"न्हाई."

तातोबानं दार बसवलं. सुरेख बसलं. मुंगी शिरायला फट नव्हती. हौसाबाईंची कडी खाली आली, पैलवानांचा पट्टा बाहेरून ठोकला गेला. शाल्मलीनं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि ती मोकळेपणानं हसली.

"बघा! म्हणजे माझं बरोबरच होतं."

"बरोबरच होतं की. चूक कोण म्हणालं?"

एवढं बोलून बुवा आत गेले. घोंगडी घेऊन बाहेर आले. ओट्यावर बसायचं सोडून त्यांनी ती खाली मातीत, दाराला लागून अंथरली आणि दोरी मांडीवर घेऊन तिच्यावर बैठक मारली.

"बुवा, खाली कशाला? ओटा आहे ना."

बुवांनी दाराला पाठ टेकली. दोरी लोंबायची तिथंच आता त्यांचा खांदा आला होता.

"पहाटे त्यो येईल," ते म्हणाले. "हात पुढं करील. दोरी न्हाई."

तातोबा हत्यारं आवरता आवरता म्हणाला, "त्येला बाहेरनं खाली एक दांडी करून देता यील, बुवा. भोक नगं. पर हात कुठला चालतो, जोर किती, ह्ये बघितल्याबिगर कुठं बसवू?"

"म्हणून तर बसलोय."

शाल्मलीला हे काही पटलं नाही. "पण त्यानं यायला हवं होतं ना? सांगावा सगळ्यांना होता."

"चावडीवर होता."

"मग?"

"गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधणारा माणूस सरपटत येत असणार. त्यो चावडीच्या पायऱ्या कशा चढायचा, शालू?"

शाल्मलीनं वळून दाराच्या खालच्या कडेकडं पाहिलं.

"तुझी ती सूचना... तिच्यावर कळवायचं कसं होतं?"

"सोपं होतं. ब्राउझरच्या स्वतःच्या पानावर एक..."

ती थांबली.

ब्राउझरच्या स्वतःच्या पानावर कुठलंच अ‍ॅड-ऑन चालत नाही. हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. ते पान तिनंच पास केलं होतं. पानावर दोन बटणं होती, 'कळवा' आणि 'बंद करा', एकमेकांना खेटून. थरथरता हात तिथं गेला असेल. तीनदा दाबलं गेलं असेल. पान मिटलं असेल. पुन्हा उघडून पुन्हा प्रयत्न केला असेल... आणि बैठकीत तिनं ठणकावून सांगितलं होतं, एकानंही कळवलं नाही.

"एक काय?" बुवांनी विचारलं.

"बटण," ती हळूच म्हणाली. "एक बटण दाबायचं होतं."

तिला स्वतःची लाज वाटली. चूक सापडली म्हणून तिला कधी लाज वाटत नसे, चुका तर रोजच सापडत. पण त्या चुकीलाच पुरावा मानून ती बुवांची शाबासकी मिळवायला इतक्या लांब आली होती.

तातोबा पेटी उचलून गेला. शाल्मली बुवांच्या शेजारी मातीतच बसली. नव्या सागाचा वास येत होता.

"मग थांबवू का, बुवा? सोमवारी नाही म्हणू?"

"आणि घोणस? वासरू माझं गेलंय, शालू. भोक बुजवायलाच पाहिजे."

"मग हो म्हणू?"

"म्हण की."

"आणि ती माणसं? ती सोय आम्हाला आतूनच देता येईल, पण त्यांचे हात कसे चालतात ते आम्हाला कुठं माहीत आहे? ती कोण, तेही माहीत नाही. नवी आवृत्ती उघडतील आणि..."

बुवांनी मांडीवरची दोरी तिच्या हातात दिली. ती गाठींवरून बोट फिरवत राहिली. ज्या बाजूनं हात लागायचा ती बाजू झिजून बारीक झाली होती.

"तुम्ही किती दिवस बसणार असे?"

बुवा घोंगडी सारखी करत राहिले.

"तो आलाच नाही तर?"

"आला, आणि मी नसलो तर?"

घाटावरून वारा उतरला. शाल्मलीनं पदराला लागलेली माती तशीच राहू दिली, पाय जवळ ओढून घेतले आणि ती बुवांसारखीच दाराला पाठ टेकून बसली. आजची गाडी सोडावी, पहाटेपर्यंत इथंच थांबावं, त्या माणसाला एकदा डोळ्यांनी बघावं, असं तिच्या मनात आलं.

बुवांनी तिच्याकडं बघितलं.

"ऊठ," ते म्हणाले. "इथं मी हाय. त्या थरथरत्या हातांसाठी तुझ्या दाराबाहेर कोण बसलंय?"