आठ कड्यांपुरते मशीन

चातुर्यकथेत उत्तर मागणारा बहुधा राजा असतो. या कथेत तो तालुक्याचा उद्योग अधिकारी आहे. डोंगरातल्या एका वाडीत लोहारकाम करणाऱ्या वनमाला पांचाळ यांनी सरकारी योजनेतून सर्वांत लहान वेल्डिंग मशीन मागितले, तेव्हा भरल्या कार्यालयात साहेब हसले.

"बाई, एवढ्याशा मशीनवर काय भातुकली मांडणार? मोठं घ्या. फाटकं करा, जिने करा. धंदा वाढवायची धमक नसेल, तर अर्ज फेटाळतो."

"साहेब, फाटकं करून घ्यायला माणसं लागतात," वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या. "आमची सगळी शहरात गेली. वाडीत जन्मभर दारं उघडी, म्हणून कड्या गंजलेल्या. घर कायमचं बंद करायचं ठरलं, की तुटकी कडी जोडायला मला बोलावतात. तेवढाच माझा धंदा. उघडी घरं आता आठ राहिलीत, त्यात एक माझं. मोठं मशीन घेते, धंदाही वाढवते. आठव्या कडीनंतर कुणाचं दार बंद करू, तेवढं अर्जावर लिहून द्या."

साहेबांनी लहान मशीनच्या अर्जावर सही केली. अशा उत्तराला कथेतला दरबार हसून दाद देतो. त्या कार्यालयात कोणी हसले नाही.